पलटणीचे मामा

सिन्नरच्या माणसाने कबड्डीत पुण्याची बाजू का घ्यावी, असं आम्हाला मुंबईवाले नेहमी विचारतात. मुंबईवाले म्हणजे मुंबईत राहणारे नव्हेत. आमच्याच गल्लीतले, पण यू मुंबाचे. त्यांच्या कर्णधार अनुप कुमारने पोसलेली ही पिढी आहे. तिला जिंकायची सवय लवकर लागली आणि त्यामुळे स्वभाव बिघडला.

भूगोलातून या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. आम्ही नाशिक जिल्ह्यातले. पुणं आणि मुंबई दोन्ही आम्हाला सारखीच लांब. उत्तर आहे ते दुबेऱ्यात. सिन्नर तालुक्यातल्या या गावी बर्व्यांच्या वाड्यात १७०० साली थोरल्या बाजीरावाचा जन्म झाला. दुबेरं हे त्याचं आजोळ. म्हणजे पुण्याचा सगळ्यात मोठा पेशवा हा नात्याने आमच्या तालुक्याचा भाचा. भाचा पुढे मामाच्या गावाला किती वेळा आला, ते आम्ही काढत नाही. पण मामाने भाच्याकडे पाठ फिरवायची नसते. तेव्हा पुणेरी पलटणीचं बरं-वाईट बघणं आमच्याकडे आपोआप आलं.

हे ऐकून एका मुंबईवाल्याने एकदा विचारलंच, ‘‘बाजीरावाला कबड्डी येत होती का?’’

आप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘चढाई येत होती. १७३७ साली थेट दिल्लीपर्यंत चढाई केली आणि दम न सोडता परत आला.’’

आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या ओट्यावर आमची बैठक असते. टीव्ही आतल्या खोलीत, पण तोंड ओट्याकडे. आप्पा गुणतक्ता जुन्या वेबिलांच्या पाठीवर मांडतात. कुठल्या संघाचे किती, कोणाचा सामना बाकी, कोण हरलं तर कोणाला किती, हे सगळं त्या कोऱ्या बाजूवर. प्रो कबड्डीत तेव्हा जिंकल्याला पाच गुण, बरोबरीला तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर एक. हा हरल्यावर मिळणारा एक गुण आप्पांना फार आवडे. ‘‘हाफ तिकीट,’’ म्हणायचे, ‘‘पण गाडीत बसायला मिळतं.’’

काकू उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात. सिन्नरला हे वेगळं सांगायला नको. आता पोरी माळेगाव-मुसळगावच्या कंपन्यांत जातात, पण काकूंच्या वयाच्या बायकांचा हात अजून चालू आहे. भिजवलेलं टेंभुर्णीचं पान पत्र्याच्या मापाने कातरायचं, चिमूटभर तंबाखू अंथरायची, बोटांखाली एक वळसा, टोक नखाने आत दुमडायचं आणि दोरा. आठ तासांत हजार विड्या उरकणाऱ्या हाताला एका विडीला साधारण तीस सेकंद लागतात. कबड्डीची चढाईसुद्धा तीस सेकंदांचीच. त्यामुळे काकूंना पडद्यावरच्या घड्याळाची गरज नाही. हातातल्या विडीला दोरा लागला आणि गडी अजून समोरच्या अंगणात असला, की त्या न बघता म्हणतात, ‘‘गेला!’’ आणि तो गेलेला असतो. उलट सामना हातातून निसटायला लागला की विड्या सैल होतात. सैल विडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. पलटणीच्या हरण्याची आर्थिक झळ बसलेली व्यक्ती आमच्यात एकच, ती काकू. म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आहे.

आणि झळ बसायला सुरुवात झाली ती अगदी पहिल्या वर्षापासून. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा संघ होते आठ. पलटण आठवी आली. २०१५ साली पुन्हा आठ संघ, पुन्हा आठवी. त्याच वर्षी यू मुंबाने करंडक उचलला. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके वाजले, ते ओट्यासमोर येऊन वाजले. कोणी मुद्दाम विचारलं, ‘‘काय भो, कितवे?’’ तर आप्पा ताठ मानेने सांगत, ‘‘आठवे. देवकीचा आठवाच कामाचा निघाला होता.’’ काकूंना एवढा धीर नव्हता. संघाकडे एकवार नजर टाकून त्या म्हणाल्या होत्या, ‘‘यातले चार तर छाटच आहेत.’’

मग २०१६ आलं. त्या एका वर्षात स्पर्धा दोनदा झाली आणि पलटण दोन्ही वेळा तिसरी आली. तळाच्या माणसाला एकदम तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं की त्याला गरगरतं, तसं आमचं झालं. पण त्याच वर्षात आमच्या आयुष्यात पाटणा आलं. पाटणा पायरेट्स. उपान्त्य फेरीत पहिल्यांदा पाटण्याने हरवलं, दुसऱ्यांदाही पाटण्यानेच हरवलं. २०१७ साली आम्ही बाद फेरीत गेलो, उत्तर प्रदेशाला दोन गुणांनी हरवलं, ओट्यावर पेढे आले, आणि पुढच्या सामन्यात समोर पाटणा. ४२-३२. सलग तीन हंगाम पाटणा आडवं आलं आणि तिन्ही वेळा करंडक त्यांनीच नेला.

पाटण्याचं सगळं दुखणं एकाच नावात मावतं : प्रदीप नरवाल. त्याची डुबकी ज्याने पाहिली नाही त्याला कसं सांगावं! तीन-चार जण साखळी करून त्याच्यावर चालून येतात, आता सापडला असं वाटतं, आणि हा गडी त्यांच्या हातांखालून वाकून, जमिनीला जवळजवळ नाक लावून मध्यरेषेवर. मागे चार जण एकमेकांना मिठ्या मारून उभे. आप्पांच्या मते हा बसमध्ये बिनतिकिटाचा पकडला गेल्यावर कंडक्टरच्या काखेतून उतरणाऱ्या पोराचा प्रकार आहे आणि त्यावर नियमात काहीतरी तरतूद हवी.

२०१९ साली आणखी एक संकट आलं. पलटणीने प्रशिक्षक आणला तो खुद्द अनुप कुमार. ज्याच्यामुळे मुंबईवाल्यांनी आमच्या दारात फटाके वाजवले, तोच. व्याही म्हणून शत्रूच घरात आल्यासारखं झालं. बसायला पाट द्यायचा की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. त्या हंगामात बारा संघांत दहावे आलो. मुंबईवाले म्हणाले, ‘‘आमचा माणूस तुमच्याकडे येऊनही आमचंच काम करतोय.’’

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट त्याच्या पुढच्या हंगामाची आहे. करोनामुळे सगळी स्पर्धा बंगळूरला एकाच हॉटेलात, प्रेक्षकांवाचून. राहुल चौधरी, नितीन तोमर असे नावाजलेले चढाईपटू आपल्याकडे, म्हणून आम्ही खुशीत, आणि सुरुवातीला हरतोय म्हणून दुःखात. मग संघाला उचललं ते दोन नव्या पोरांनी. एक हरियाणाचा मोहित गोयत आणि दुसरा अस्लम इनामदार. अस्लम आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. सिन्नरची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो, म्हणजे तो जवळजवळ घरचाच. आणि घरचं पोर खेळतंय म्हटल्यावर काकूंच्या विड्या घट्ट व्हायला लागल्या.

हळूहळू वर सरकत पलटण साखळीच्या शेवटच्या दिवसापर्यंत जिवंत राहिली. तो दिवस १९ फेब्रुवारी २०२२, शनिवार, शिवजयंती. गल्लीत भगव्या पताका, निर्बंध अजून पुरते उठलेले नाहीत, आणि ओट्यावर आप्पा सकाळपासून वेबिलं पसरून बसलेले. पहिले सहा संघ पुढे जाणार. पलटणीचे ६१. जयपूरला हरवलं तर ६६. बंगळूरचे सामने संपलेले, त्यांचेही ६६. हरियाणाचे ६३ आणि सामना पाटण्याशी. गुजरातचे ६२ आणि सामना मुंबईशी.

आप्पांनी चष्मा काढला. ‘‘हिशेब असा आहे,’’ ते म्हणाले आणि थांबले. माणूस वाईट बातमी सांगताना थांबतो तसे. ‘‘आज मुंबई जिंकायला पाहिजे. नाहीतर पाटणा तरी.’’

ओट्यावर कोणी काही बोललं नाही. इतकी वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्या दोघांचं एकाच संध्याकाळी भलं चिंतायचं! यू मुंबाला तर जिंकून काही मिळणार नव्हतं. ते आधीच घरी निघालेले. पाटणाही तक्त्यात सगळ्यात वर, त्यांना हरण्या-जिंकण्याचं काहीच नव्हतं. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांच्या दारात आम्ही उभे. समोरचे मुंबईवाले त्या संध्याकाळी मुद्दाम ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, ‘‘बोला, आमच्या संघाचा जयजयकार करा, मग चहा घेऊ.’’ आणि आम्ही केला. हळू आवाजात, पण केला.

मुंबई हरली. ३६-३३. वेळेला उपयोगी पडेल तर ती मुंबई कसली!

पलटणीने आपलं काम केलं, जयपूरला ३७-३० ने हरवलं. राहिलं पाटणा. हरियाणा जिंकलं असतं तर त्यांचे ६८ झाले असते, आणि बंगळूर की पुणं असा गुणांच्या फरकाचा तिढा पडून बहुधा आम्हीच बाहेर. माझा भाचा माळेगावला कंपनीत सेकंड शिफ्टला होता. दर दोन मिनिटांनी त्याचा एका शब्दाचा मेसेज, ‘किती’. काकूंनी विड्यांचं सूप बाजूला ठेवलं. असं मी त्याआधी फक्त ग्रहणात पाहिलं होतं. आप्पा, ज्यांनी पाटण्याच्या प्रत्येक चढाईला पाच-सहा वर्षं शिव्या घातल्या, ते ‘‘शाब्बास रे बिहारी वाघा!’’ असं ओरडले आणि इकडेतिकडे पाहून खोकले.

पाटणा ३०, हरियाणा २७. पलटण सहावी. सहा जागांतली शेवटची जागा. करंडक नव्हे, पदक नव्हे, नुसतं पुढच्या फेरीचं तिकीट. तेही शत्रूने काढून दिलेलं. पण ओट्यावर जो दंगा झाला, त्याने पलीकडच्या गल्लीतली म्हातारी मंडळी शिवजयंतीची मिरवणूक निघाली समजून दारात आली.

दोनच दिवसांनी बाद फेरीत उत्तर प्रदेशाने आम्हाला ४२-३१ ने घरी पाठवलं. तिथे कोण होतं? प्रदीप नरवाल. त्या हंगामात तो पाटणा सोडून उत्तर प्रदेशाकडे गेला होता. पाटण्याच्या नावाने आम्ही जप केला, आणि पाटण्याचं भूत दुसऱ्या अंगात शिरून आलं.

आमचा एक नातेवाईक अमेरिकेत शिकागोला असतो. त्याला हे रडगाणं फोनवर सांगितलं तर हसला. तिथे बेसबॉल म्हणून खेळ आहे, त्यात शिकागो कब्ज नावाचा संघ १९०८ साली अजिंक्य झाला आणि त्यानंतर थेट २०१६ साली. एकशे आठ वर्षं! माणसं वाट बघून गेली, त्यांची पोरं वाट बघून गेली. लोक म्हणायचे, हा शाप आहे. १९४५ साली एका खानावळवाल्याला त्याच्या पाळीव बोकडासकट मैदानातून बाहेर काढलं, त्याने शाप दिला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘चूक कंडक्टरची आहे. आम्ही कोंबड्या, बकऱ्या, सगळ्यांना तिकीट फाडून आत घेतलं. आमच्या डेपोला कोणाचा शाप नाही.’’

पुढचं भराभर सांगतो, कारण सुखाच्या दिवसांत सांगण्यासारखं फार नसतं. २०२२ च्या डिसेंबरात पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली आणि जयपूरकडून ३३-२९ ने हरली. त्याच्या पुढच्या हंगामात मात्र ती सुटलीच. बावीसपैकी सतरा सामने जिंकले, दोनच हरले, ९६ गुण. कर्णधार आमचा अस्लम, इराणचा मोहम्मदरेझा शादलू बचावाला, चढाईला पंकज मोहिते आणि आपला नाशिकचा आकाश शिंदे. अस्लम आणि आकाश दोघंही तेव्हा नुकतेच आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन आलेले. उपान्त्य फेरीत पाटणा समोर आलं आणि ३७-२१ ने गेलं. त्या रात्री काकूंनी बिहारी वाघाचं सगळं देणं चुकतं झाल्याचं जाहीर केलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून करंडक आला.

त्या हंगामात आप्पांइतकं रिकामं कोणी नव्हतं. पलटण वर, बाकीचे खाली. कोण हरलं तर काय, हा प्रश्नच नाही. वेबिलं कोरी राहिली. ‘‘यात मजा नाही,’’ असं ते एकदा पुटपुटले आणि काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा नाव काढलं नाही. पण माझं मत विचाराल तर आप्पा बरोबर होते. करंडकाची रात्र मला धड आठवत नाही. पाटणा-हरियाणाची शेवटची पाच मिनिटं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.

विजेतेपदानंतरच्या हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि पलटण पुन्हा आठवी आली. मुंबईवाल्यांनी ‘‘कितवे?’’ म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, ‘‘आठवेच. पण तेव्हा आठांत होतो, आता बारांत आहोत. प्रगती आहे.’’ २०२५ साली परत साखळीत पहिले, परत अंतिम फेरी, आणि दिल्लीत दिल्लीकडूनच ३१-२८ ने हार. तीन गुणांसाठी काकूंची त्या दिवशीची सगळी विडी छाटीत गेली.

नवा हंगाम लागेल तेव्हा ओटा तिथेच आहे, सिन्नरला कोणीही सांगेल. बसायला या. मुंबईवाल्यांनीही यावं, त्यांच्याशिवाय चहाला चव नाही. फक्त पहिले चार सामने हरल्यावर उठून जाणाऱ्यांनी मुळात बसू नये. काकू कप मोजून ठेवतात.