या, बसा, निघता कुठे?

पीएचडी करणाऱ्याला ‘प्रबंध कुठवर आला?’ असं विचारू नये, हा शिष्टाचार आता बहुतेकांना ठाऊक झालाय. त्यात एक भर घाला. ‘संदर्भ कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेत, आणि ते तिथून बाहेर निघतात का?’ हेही विचारू नये.

समोरचा रडतो.

एंडनोट, मेंडेली, झोटेरो, रेफवर्क्स ही या धंद्यातली मंडळी. वाचलेले लेख, पुस्तकं, पीडीएफ, टिपा, सगळं यांच्या पोटात टाकायचं. वर्डमध्ये बटण दाबलं की संदर्भसूची हजर. सोय खरी आहे, उगाच नाक मुरडू नये. फक्त एक सांगा, ‘आमच्याकडून सामान हलवणं किती सोपं!’ अशी जाहिरात तुम्ही कधी पाहिलीत?

एक्स्पोर्ट होतं हो, सगळ्यांचं होतं. आरआयएस नावाची साध्या मजकुराची फाईल हातात पडते. उघडून बघा: टीवाय म्हणजे नोंदीचा प्रकार, एयू म्हणजे लेखक, ईआर म्हणजे नोंद संपली. लेखक येतो, शीर्षक येतं, साल येतं. तुम्ही वर्षानुवर्षं खपून लावलेले फोल्डर येत नाहीत. पिवळ्या रंगात रंगवलेल्या ओळी येत नाहीत. थोडक्यात, कुठल्याही ग्रंथालयाच्या यादीत फुकट मिळालं असतं ते सगळं येतं, आणि तुमचं स्वतःचं जे होतं तेवढंच मागे राहतं.

लेखक येतो म्हटलं, तेही जपूनच. सरकारी अहवालांचा लेखक कोण? ‘गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र’. नोंद करताना ही संस्था आहे, माणूस नव्हे, हे सांगायचं राहिलं, की सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजतं. मग सूचीत दिमाखात छापून येतं: महाराष्ट्र, जी. ओ.

व्हायव्हाला कुणी विचारलंच हे गृहस्थ कोण, तर सांगावं, फेलोशिप थकवतात ते.

आता जरा इतिहास. मेंडेली लंडनची. 2008च्या सुमारास नवी होती, तेव्हा झोटेरोचा डेटाबेस थेट वाचून त्यातला माल आपल्याकडे ओढून घ्यायची सोय तिनं कौतुकानं दिली होती. 2013मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकानं ती विकत घेतली. 2018मध्ये वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा तिचा डेटाबेस कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट झाला आणि झोटेरोला तो परस्पर वाचता येईना. कारण? सुरक्षितता आणि युरोपातला खासगीपणाचा नवा कायदा.

तुमच्या मशीनवरची, तुमच्याच नोंदींची फाईल. तुमच्यापासूनच सुरक्षित!

पुढे 2022च्या सप्टेंबरपासून ते जुनं मेंडेली डेस्कटॉप डाउनलोडला मिळेनासं झालं. आता नवं वापरा. ‘हलायचं नाही’ म्हणून बसलेल्यांनाही आज ना उद्या हलावं लागणारच.

त्याआधीची गंमत अमेरिकेतली. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठानं 2006मध्ये झोटेरो काढलं, फुकट आणि मुक्त. 2008मध्ये एंडनोटच्या तेव्हाच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सनी, विद्यापीठावर खटला भरला. गुन्हा? एंडनोटच्या शैलीच्या फायली झोटेरो स्वतःच्या साच्यात बदलून घेतं. शैलीची फाईल म्हणजे काय, तर सूचीत स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कशाला. मागणी एक कोटी डॉलरची. पुढच्या वर्षी कोर्टानं खटला काढून टाकला.

स्वल्पविरामाला एवढा भाव मराठीत कुणी दिला असता, तर आमचे मुद्रितशोधक आज बंगल्यात राहिले असते.

बरं, एंडनोटला वैतागून रेफवर्क्सकडे जाताय? जा. एंडनोट आता क्लॅरिव्हेटचं. रेफवर्क्स होतं प्रोक्वेस्टचं, आणि 2021मध्ये प्रोक्वेस्टच क्लॅरिव्हेटनं घेतलं. खोली बदलली, घरमालक तोच.

झोटेरोचे भक्त एव्हाना खुशीत माना डोलावत असतील. थांबा. 2022पासून झोटेरोतच पीडीएफ वाचता येते, ओळीही रंगवता येतात. तो रंग मुळात बसतो कुठे? पीडीएफमध्ये नाही, झोटेरोच्या डेटाबेसात. बाहेर काढता येतो, पण ते आठवणीनं करावं लागतं. आणि ऑनलाइन फुकट जागा 300 एमबी. जुन्या मराठी ग्रंथांच्या चार-पाच जाडजूड स्कॅन टाकल्या की भक्ती आणि वर्गणी यांतला फरक कळतो.

कागदवाले आता हसत असतील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशासाठी 1948पासून जमवलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या आहेत. पासवर्ड नाही, व्हर्जन नाही, ‘ही फाईल उघडता येत नाही’ नाही. त्या कोशाचं काम मात्र अजून सुरू आहे. गाईडकडे मुदतवाढ मागताना दाखला म्हणून वापरायला हरकत नाही.

खरी मजा वर्डमध्ये. प्रकरणांत पेरलेले शेकडो संदर्भ जुन्या सॉफ्टवेअरशी बांधलेले असतात. नवं त्यांना ओळख दाखवेलच असं नाही. मग ते नुसता मजकूर होऊन पडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गाईड म्हणतात, ‘एपीए शैली नको, एमएलए करा.’

तरी लोक ही संदर्भांची लायब्ररी हलवतातच. का? हलवताना काम केल्याचं समाधान मिळतं, आणि प्रकरण तिसरं लिहावं लागत नाही. शिवाय डुप्लिकेट शोधणं असतंच. एकच लेख तीनदा उतरवलेला सापडतो, तिन्ही वेळा न वाचलेला.

म्हणून जाणकार सांगतात, प्रबंध जमा होईपर्यंत कशाला हात लावू नका, नंतर निवांत हलवा.

नंतर? नंतर ती लायब्ररी उघडतंय कोण?