नळीपुराण

गाणगापुरात दुपारी माधुकरीला निघालेल्या माणसांत तब्येतीचा विषय निघतोच. निरोगी माणसाला इथे गप्पांत भाव नाही. त्यातही मुतखडा काढून घेतलेले भक्त म्हणजे अधिकारी मंडळी. खडा केवढा होता हा वाद लवकर मिटतो, कारण प्रत्येकाचा बोराएवढाच असतो. रंगत येते ती नळ्यांवर.

पाठीतून दुर्बीण घालून खडा फोडायचा, तर आधी खालून एक बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत सरकवतात. तिच्यातून औषध सोडलं की एक्स-रेमध्ये मूत्रपिंडाचे कप्पे दिसतात आणि डॉक्टरांना वाट सापडते. एवढं मोठं काम हिचं, पण पेशंट भुलीत असल्यानं तिचं नाव कुणी घेत नाही. पाठीत ठेवलेली नळी सहसा एक-दोन दिवसांची. तिच्यामुळे कुशीवर वळता येत नाही, म्हणून तिला मान.

खरी मानकरी फोलीची नळी. टोकाला फुगा, त्यात पाणी भरलं की ती मूत्राशयातून निसटत नाही. "तुमची पिवळी होती की पारदर्शक?" असं एक काका विचारतात, तेव्हा तो लॅटेक्स की सिलिकॉन असा प्रश्न असतो. लॅटेक्स स्वस्त, थोड्या दिवसांची; सिलिकॉन महाग, जास्त टिकणारी. नळीचं माप फ्रेंच. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे सोळा नंबरची नळी जेमतेम सव्वापाच मिलिमीटर. सांगताना मात्र ती अंगठ्याएवढी होते. शिवाय हातात पिशवी घेऊन वॉर्डात फिरावं लागतं, त्यामुळे ती काढायची आठवण सिस्टरला पेशंटच करून देतो.

या चर्चेत एक नळी मात्र गप्प असते: डीजे स्टेंट. दोन्ही टोकांना वळण, एक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. बाहेर काहीच दिसत नाही. सुरुवातीला जरा टोचते, वारंवार लघवीला लावते, मग अनेकांना तिची सवय होते. काही आठवड्यांनी दुर्बिणीनं काढायची, अशी तारीख कार्डावर असते आणि कार्ड कपाटात.

नवसाचंही असंच आहे. कळ येते तेव्हा "महाराज, एवढं निभवा, गाणगापूरला येतो" म्हणतो. कळ थांबली की तिकीट लांबतं. दत्तमहाराज वाट पाहतात. नळी पाहत नाही. फार दिवस राहिली तर तिच्यावरच नवा खडा धरतो.

म्हणून हल्ली मी कुणाला खड्याचं माप विचारत नाही. "आतली काढली का?" एवढंच विचारतो. काही जण लगेच हो म्हणतात. बाकीचे बोटांवर महिने मोजू लागतात.