तीस दिवसांत डायव्हिंगचे जगज्जेते व्हा

गावच्या विहिरीत ज्यांनी मुटके मारले आहेत, त्यांनी आधी ते सगळे विसरावे. मुटक्यात ज्याचे पाणी काठावरच्या कपड्यांपर्यंत उडाले, तो जिंकला. ऑलिम्पिकमध्ये नेमके उलटे असते. पाणी जितके कमी उडेल तितके गुण जास्त. एवढे ध्यानात आले की निम्मा अभ्यासक्रम संपला. उरलेला निम्मा आम्ही अमेरिकेच्या ग्रेग लुगेनिस यांच्या कारकिर्दीवर बेतला आहे. पहिल्या ऑलिम्पिकपासून शेवटच्यापर्यंत त्यांची बारा वर्षे गेली. आपण महिन्याभरात उरकू.

पायरी १ : बालपण बघून घ्या

लुगेनिस यांचा जन्म १९६० चा. दत्तक गेले आणि कॅलिफोर्नियात वाढले. दमा होता, बोलताना अडखळत, वाचताना अक्षरांचा घोळ होई, आणि शाळेतली मुले त्यांना मठ्ठ ठरवून मोकळी झाली होती. पण लहानपणीच नाच आणि कसरती शिकल्यामुळे हवेत आपले अंग कुठे आहे, हे त्यांना पाण्याच्या आधी कळले. तुमचे बालपण उलटून गेले असेल तर ही पायरी ऐच्छिक समजावी.

पायरी २ : गुरू करा

गुरू शक्यतो ऑलिम्पिक विजेता असावा. लुगेनिस यांना सॅमी ली मिळाले. १९४८ आणि १९५२ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके असलेले डॉक्टर. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला शिष्याने दहा मीटर फलाटावर रौप्य मिळवले. सुवर्ण इटलीच्या क्लाऊस दिबियासी यांचे, लागोपाठ तिसरे. शिष्याचे वय तेव्हा सोळा होते, एवढे वाचून निराश होण्यास हरकत नाही.

पायरी ३ : जगाचे राजकारण सांभाळा

१९८० मध्ये लुगेनिस वीस वर्षांचे आणि ऐन भरात होते. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, म्हणून अमेरिकेने मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. या पायरीचा सराव कोणत्याही तलावात होत नाही.

पायरी ४ : आता उडी

दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची गच्ची. तिथून पाणी दीड सेकंदाच्या आत येते, तेही ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने. तेवढ्यात कोलांट्या, गिरक्या आणि अंग सरळ करणे आटोपायचे. शेवटी एका हाताने दुसरा हात धरून तळवा सपाट ठेवायचा, पाण्याला भोक पाडायचे आणि सगळे अंग त्याच भोकातून आत न्यायचे. साधले तर कापड टरकावल्यासारखा आवाज येतो. न साधल्यास काय होते, ते विहिरीत पोटावर पडलेल्यांना सांगायला नको.

गुणांचे गणित असे : पंच ० ते १० गुण देतात, टोकाचे गुण वगळतात आणि उरलेल्यांना उडीच्या काठिण्याच्या अंकाने गुणतात. हे किचकट वाटत असेल तर सातही पंचांकडून १० घ्यावेत. मग कोणते वगळले याने काही बिघडत नाही. लुगेनिस यांनी १९८२ च्या जागतिक स्पर्धेत हाच सोपा मार्ग पत्करला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी फळी आणि फलाट अशी दोन्ही सुवर्णपदके घेतली. फलाटावर ७१०.९१ गुण झाले, आणि तिथे सातशे ओलांडणारे ते पहिलेच.

पायरी ५ : डोके आपटा

सप्टेंबर १९८८, सोल. तीन मीटर फळीची प्राथमिक फेरी, उलटी अडीच कोलांटी. या प्रकारात उडी पुढे घ्यायची आणि फिरायचे मात्र फळीच्या दिशेने. लुगेनिस फळीपासून पुरेसे लांब गेले नाहीत आणि डोके फळीवर आदळले. टाके घातले गेले. सुमारे ३५ मिनिटांनी ते पुन्हा फळीवर उभे होते. छातीवर हात आपटून त्यांनी काळीज कसे धडधडते आहे ते दाखवले, प्रेक्षक हसले, आणि त्यांनी उत्तम उडी मारली. पुढे अंतिम फेरी जिंकली.

फलाटावर गाठ चीनच्या चौदा वर्षांच्या श्योंग नी याच्याशी होती. शेवटची उडी उलटी साडेतीन कोलांटी. याच उडीत १९८३ मध्ये एडमंटनला सोव्हिएत खेळाडू सेर्गेई शालिबाश्विली यांचे डोके फलाटावर आदळले आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. लुगेनिस त्या स्पर्धेत होते. तरी त्यांनी तीच उडी मारली आणि सुवर्ण १.१४ गुणांनी घेतले.

पायरी ६

हिला नाव सुचले नाही. सोलच्या सहा महिने आधी लुगेनिस यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले होते. बाहेर फुटले तर खेळू देणार नाहीत, म्हणून मोजक्या माणसांखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हते. डोक्यातून रक्त आले तेव्हा त्यांना फळीपेक्षा त्या रक्ताची धास्ती वाटली. तलावाच्या पाण्यातून इतरांना धोका नव्हता, असे जाणकारांनी नंतर स्पष्ट केले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनाही लागण झाली नाही. लुगेनिस यांनी हे जाहीरपणे सांगितले १९९५ मध्ये. दहा मीटर उतरायला दीड सेकंद पुरे होत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी : हे एक वाक्य सोलहून लोकांपर्यंत उतरायला सात वर्षे लागली.

तेव्हा तीस दिवसांचे वचन आम्ही मागे घेत आहोत. या सगळ्यातली एकच पायरी शिकण्याजोगी निघाली : आपटल्यावर पुन्हा शिडी चढण्याची. तीही ज्याने त्यानेच शिकायची आहे.

शेवटची सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. दहा मीटर फलाटाखाली साधारण पाच मीटर पाणी ठेवतात. तुमच्या विहिरीत उन्हाळ्यात किती उरते ते आधी दोर सोडून मोजा. मग खुशाल मुटकाच मारा.