फरकवाले सर

गिरडच्या बस थांब्यावर "गाडी टायमावर आली" असं म्हणायची सोय नाही. तोंडातून निघालं रे निघालं, की टपरीच्या बाकड्यावरून आवाज येतो, "ऑन टाइम, का इन टाइम?"

मग चहा निवतो आणि फरक सुरू होतो. वेळापत्रकाच्या ठोक्याला आली ती ऑन टाइम. काम बिघडायच्या आत आली ती इन टाइम. "आता सांग, आपली हिंगणघाटची गाडी कशी येते?"

"येते हेच लय हाये जी, सर."

सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची शाळा काही सुटलेली नाही, फक्त जागा बदललीय. इंग्रजी पाचवीपासून होतं त्या काळातले हे मास्तर. 2000 साली ते पहिलीपासून आलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला होता. "पोरायले मराठीत शेंबूड पुसता येत नाही, अन् हे त्यायले ए-बी-सी-डी शिकवून रायले!" बगलेत मात्र अजून खाकी कव्हर घातलेलं रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण असतंच. हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते इथवर ठीक होतं. पण त्यांनी 1924 साली 'बो जेस्ट' नावाची फ्रेंचांच्या परदेशी पलटणीची साहसकादंबरी लिहिली, हे कुणीतरी सरांना सांगितलं आणि ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. व्याकरणाच्या माणसानं असं बाहेरख्याली असू नये, असं त्यांचं मत पडलं.

मे महिन्यातली गोष्ट. समुद्रपूर तालुक्याचं ऊन काय असतं ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. भर दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. मी शेतातून आलो आणि निंबाखाली बसकण मारली. म्हटलं, "सर, निंबाचा शॅडो मोठा थंड हाये." झालं! सर उठले. "शॅडो नाही बाप्पा, शेड! मराठीत दोन्हीले सावलीच म्हन्तो आपन, म्हनून घोय होते. तू जितं बसला ते शेड. आता शॅडो पाह्य." आणि शॅडो दाखवायला ते सरळ उन्हात जाऊन उभे राहिले. मध्यान्हीची वेळ, पडून पडून सावली पडणार किती? चपलेएवढी. ती नीट दिसेना म्हणून त्यांनी हात पसरले, छत्री उघडून पुन्हा मिटली, थोडं वाकून पाहिलं. "दिसला का आकार? कडा पाह्य, कडा!" दहा मिनिटं गुरू उन्हात आणि शिष्य सावलीत. शेवटी टपरीवाल्यानं पाण्याचा लोटा नेऊन दिला. एवढं झाल्यावर शेड आणि शॅडो मी जन्मात विसरणं शक्य नाही.

उसन्या पैशांचंही तसंच. एक जण पोराची फी भरायला पाचशे रुपये मागायला आला. "सर, पाचशे रुपये बॉरो करता का?" आता सरांना पैसे द्यायचे नव्हते असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी खिशातला हात तसाच खिशात ठेवला आणि म्हणाले, "घेनारा बॉरो करते. देनारा लेंड करते. अन् सोयाबीन विकल्यावर देतो म्हन्ते, तो दोन्हीतलं काहीच करत नाही." तो बिचारा क्रियापदं घेऊन घरी गेला.

या माणसाला आपणहून फरक सोडून देताना मी एकाच ठिकाणी पाहिलंय. आमच्या गावाच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. एकदा टेकडी चढताना सरांना ठेच लागली. मी ओरडलो, "फिंगरले लागलं का, सर?" पाय धरून कळवळत असतानाही ते म्हणाले, "टो! पायाचं बोट टो!" ठेच ज्याची लागली तो दगड मी उचलला. गोल, वाटोळा, सुपारीसारखा. टेकडीवर असे दगड सापडतात. ब्रिटिशांच्या गॅझेटियरनं त्यांना झिओलाइटचे गोळे म्हटलं. गाव म्हणतं, बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचा नारळ-बिरळ सगळा माल बाबांनी दगड करून टाकला, तोच हा. मी मुद्दाम विचारलं, "सर, याले स्टोन म्हनाव का नट?" सरांनी तो दगड माझ्या हातातून घेतला, होता तिथे ठेवला आणि हळूच म्हणाले, "इतं फरक नोको करू. ज्यास्त हुशारी करनारायचं काय झालं, मालूम हाये ना?"

खरा वांधा झाला मागच्या दिवाळीनंतर. टपरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते, हाताला सरकीचा वास, नुकतेच वेचणीवरून आलेले. त्यांनी अगदी सहज विचारलं, "गुर्जी, वावरातल्या पऱ्हाटीले इंग्रजीत काय म्हन्ते जी?"

"कॉटन प्लांट."

"बोंडातल्या कापसाले?"

"कॉटन."

"सरकीले?"

"कॉटन सीड."

"सरकी काहाडली का रुई होते, तिले?"

सर थोडे थांबले. "लिंट. म्हणजे, कॉटन लिंट."

"अन् हा माहा सदरा?"

"कॉटन," सर पुटपुटले.

म्हातारबुवांनी बिडी झटकली. "म्हन्जे साऱ्यायचं आडनाव एकच! मंग हे इंग्रज आपल्या हिंगणघाटचा कापूस घेऊन गेले कसे? पऱ्हाटी तर नाही नेली त्यायनं उपटून?"

बाकडं हसलं. सर हसले नाहीत. हार मानली नाही हे दाखवायला त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला, तोही इंग्रजीत. चहा झाला, कप खाली ठेवले गेले, आणि सर ऐटीत म्हणाले, "वी शॅल पे."

टपरीवाल्याचं पोरगं बारावीला आहे, सरांच्याच हाताखालून गेलेलं. ते फडकं खांद्यावर टाकून म्हणालं, "सर, एक डाउट हाये. हे वी म्हन्जे आम्ही, का आपन?"

कधी नव्हे ते बाकड्यावर शांतता पसरली. 'आम्ही' म्हटलं तर खिसा सरांचा. 'आपण' म्हटलं तर म्हातारबुवांचाही, माझाही. आणि इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच. सरांनी रेन अँड मार्टिनकडे पाहिलं, पण ते उघडलं नाही. मग ते रस्त्याकडे पाहू लागले.

तेवढ्यात धुरळा उडाला आणि हिंगणघाटची गाडी थांब्यावर लागली. पाऊण तास उशिरा. सर ताडकन उठले, पिशवी उचलली आणि चढले. ऑन टाइम नव्हती आलेली, पण इन टाइम आली होती.