दाब कमी दाखवा, डिझेल जास्त मिळवा

नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेली पिकअप किती ‘दमदार’ आहे हे ठरवायचं असेल, तर तिच्या मागे राहा. मागच्या फळीवर ‘आईचा आशीर्वाद’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि चढ लागला की ते दिसेनासं होतं. काळा धूर म्हणजे ताकद, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. इंजिनाच्या लेखी तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. म्हणजे मालकाच्या खिशातले पैसेच ते, सायलेन्सरवाटे बाहेर पडणारे. पण पैसे उडवताना चारचौघांना दिसलेच नाहीत तर उडवून उपयोग काय?

शास्त्र सांगतं, एक किलो डिझेल नीट जळायला निदान साडेचौदा किलो हवा लागते. डिझेलची पावती मिळते, हवेची मिळत नाही. त्यामुळे हवेचा हिशेब कुणी ठेवत नाही. गाडी चढाला रडते म्हणून मिस्त्रीकडे नेली की प्रश्न एकच असतो, ‘डिझेल वाढवता येईल का?’ एअर फिल्टर गेल्या सुगीपासून झटकलेला नाही, हे मिस्त्रीलाही दिसत असतं. पण फिल्टर झटकायचे असे किती पैसे सांगणार?

जुन्या पंपाच्या काळात हे काम सोपं होतं. मायकोचा पंप, मायकोचं नोझल. नाशिकमध्ये त्या नावाचं अख्खं सर्कल अजून नांदतंय, कंपनीने नाव बदलून बॉश केलं तरी. त्या पंपाला जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं हे ठरवणारा एक स्क्रू असे आणि त्याला तार ओवून शिशाचं सील मारलेलं असे. मिस्त्री पक्कड लावून तार तोडायचा, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, इंजिन चालू करून एक पीळ मारायचा. गॅरेजभर काळोख झाला की काम फत्ते. मिस्त्रीचं निम्मं उत्पन्न सील तोडण्याचं आणि उरलेलं निम्मं ते पासिंगच्या आदल्या दिवशी पुन्हा लावण्याचं.

मग कॉमन रेल आली आणि स्क्रूची मजा गेली. आता पंपाचं काम फक्त दाब तयार करण्याचं. चारही सिलिंडरांसाठी एक जाड नळी, ती रेल. तिच्यात डिझेल दाबून भरलेलं. टायरात हवा असते अडीच-तीन बारची, रेलमध्ये डिझेल असतं सोळाशे बारच्या आसपास. इंजेक्टरच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा डिझेल उडवायचं, आणि त्या प्रत्येक वेळीही एका दमात नाही. आधी चिमूटभर, मग मुख्य. कधी आणि किती, हे सगळं ठरवतो एक कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम. त्याला ना पक्कड लागू पडते ना ओळख.

पण ज्या राज्यात पैसेवारी काढली जाते, तिथल्या माणसाला ईसीएम काय अडवणार?

ईसीएम स्वतः रेलपाशी जाऊन दाब बघत नाही. त्याच्यासाठी रेलच्या टोकाला एक सेन्सर बसवलेला असतो, तो आकडा कळवतो आणि साहेब त्यावर सही करतात. हुशार माणसांनी एक काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी काढली. ती सेन्सर आणि ईसीएम यांच्यामध्ये बसते आणि खालून आलेला आकडा थोडा घटवून वर पाठवते. सोळाशे असेल तर चौदाशे कळवते. साहेब दचकतात, ‘अरे, एवढा कमी? वाढवा!’ पंप जोर लावतो, दाब वाढतो, इंजेक्टर उघडतो तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत दाखवली की टंचाईच्या सवलती सुटतात, तसंच हे. फरक इतकाच, की पैसेवारीत कधीकधी पीक खरंच गेलेलं असतं.

‘किती वाढेल?’ मालक विचारतो.

‘वीस टक्के धरा, शेठ.’

‘आणि अ‍ॅव्हरेज?’

‘तेही वाढणार.’

‘धूर?’

‘तोही.’

आता एवढी ताकद घेऊन करायचं काय? पिकअपचा वेग 80 वर बांधलेला. तेव्हा ताकद वेगात जात नाही, क्रेटमध्ये जाते. सतरा क्विंटलची परवानगी म्हणजे वीस किलोचे 85 क्रेट. 85 क्रेटवर थांबलेली पिकअप मी तरी पाहिलेली नाही. पाटे वाढवलेले, मागची फळी उंच केलेली, दोर आवळलेले. कंपनीने ठरवलेल्या गाडीत फेरफार करू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. ते बिचारं त्या दोराखालीच कुठेतरी असावं.

राहता राहिली पीयूसी. ती काढायच्या आधी ड्रायव्हर बॉनेट उघडतो, कपलरची खिट्टी अंगठ्याने दाबून डबी सोडवतो आणि मूळची वायर सेन्सरला परत जोडतो. टिक असा आवाज येतो आणि त्या क्षणी गाडी कायद्यात येते. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, पीळ मारायला लावतो, कागद देतो. कागदाची मुदत वर्षभर, सचोटीची पुढच्या चौकापर्यंत.

यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. 2015 साली उघडकीला आलं, की फोक्सवॅगनच्या जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडेही तपास झाला, तो पुण्याच्या एआरएआयने केला, आणि कंपनीने सव्वातीन लाखांच्या घरात गाड्या परत बोलावल्या. ही एआरएआय वेताळ टेकडीवर आहे. धूर मोजणारे जिथे बसतात, तिथे सगळं कोथरूड शुद्ध हवा खायला जातं. आमच्या मिस्त्रीला हा जर्मन किस्सा सांगितला तर तो म्हणाला, ‘एवढे इंजिनिअर कशाला लागले? कपलर काढायचा ना!’

डबीनंतरची पायरी रिमॅपची. त्यात खोटा आकडा कळवत बसायची गरज नाही. लॅपटॉप लावून थेट साहेबांचाच विचार बदलतात. बीएस-6 गाडीच्या सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळीही सोबत काढली जाते आणि ती जागेवरच आहे असं ईसीएमला पटवलं जातं.

मग एका उन्हाळ्यात, चढावर, टोमॅटोंसकट, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. अ‍ॅल्युमिनियमच ते, किती आच सोसेल? गाडी टो होऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. त्याआधी मालक डबी काढून घरी ठेवतो, मॅपही जुना टाकून घेतो आणि चेहरा निष्पाप करून वॉरंटी मागतो. तिथला पोरगा लॅपटॉप जोडतो आणि म्हणतो, ‘काका, हा ईसीएम दोनदा लिहिलाय. आत नोंद असते.’

मालक बाहेर येऊन मिस्त्रीला फोन लावतो, ‘अरे, ते त्याच्या लक्षात राहिलंय!’

‘विसरायला लावता येतं, शेठ,’ मिस्त्री म्हणतो, ‘पण त्याचे वेगळे पडतील.’