राघू म्हणावे तर मैना

चरोदा हे छत्तीसगडमधले रेल्वेचे गाव. इथल्या भिलाई मार्शलिंग यार्डात मालगाड्या जुळतात, सुटतात. अशा ठिकाणच्या मराठी घरात पोपटाने ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणावे ही अपेक्षा. पोपट मात्र कानी पडेल ते उचलतो: इंजिनाची शिट्टी, शेजाऱ्यांचे ‘मिट्ठू’ आणि दार लावून उच्चारलेले मालकाचे खास शब्द.

फसगत नावापासूनच. आणलेले पिल्लू ‘राघू’च असते. नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ उमटायला दोन-तीन वर्षे लागतात. नाहीच उमटला, तर राघूची मैना होते. तिला त्याचे काही नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या हरियल नावाच्या पोपटाने तर कमाल केली. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५ वर्षांच्या एका आजींनी पोलिसांत तक्रार दिली, की सावत्र मुलाचा हा पोपट आपल्याला पाहताच शिव्या देतो आणि त्या मुलानेच त्याला मुद्दाम पढवल्या आहेत. पोलिसांनी मायलेकांसह पोपटालाही ठाण्यात बोलावले. आजी समोर, पोलीस कान देऊन. आणि पोपट? गप्प! वर्दी पाहून भल्याभल्यांची वाचा बसते, हे खरे. पण शिकवल्याचा आरोप असलेला आणि शिव्या खाल्ल्याचे सांगणारी, दोघांचीही त्याने सारखीच पंचाईत केली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी पोपट घरात पाळणेच मुळी गुन्हा आहे, मग तो अभंग म्हणो वा शिव्या देवो. हरियलला वनखात्याच्या हवाली करण्यात आले.