ठोकळ्यांचा भुईकोट : पालकांसाठी नियमावली

लेगोचा डबा मुलासाठी म्हणून घरात येतो आणि रात्री मूल झोपल्यावर वडील फरशीवर मांडी ठोकून बुरूज चढवत बसतात. या सार्वत्रिक अतिक्रमणाला आळा बसावा म्हणून हे मार्गदर्शन. बांधकामावर मुख्य पदं दोनच, गवंडी आणि बिगारी. गवंडीपद मुलाचं. पालकांची नेमणूक बिगारी म्हणून, बिनपगारी. बढतीची तरतूद नाही. सोलापूरकरांनी नमुना म्हणून आपला भुईकोटच घ्यावा : डोंगर रचण्याची कटकट नाही, दुहेरी तट, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीकडे खंदक. खाली सोलापुरी चादर अंथरावी. काम थांबलं की चार टोकं उचलायची, सगळा माल गोळा. परातीतले तुकडे रंगाप्रमाणे नव्हे, आकाराप्रमाणे लावावेत. करड्या ढिगात करडी पट्टी शोधता शोधता बिगाऱ्याचे डोळे जातात.

‘पण मुलाला नीट कुठे जमतं?’ हा पहिला आक्षेप. तो गणितात टिकत नाही. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असं गणितज्ञांनी मोजून ठेवलं आहे. सोबतची पुस्तिका एकच रचना दाखवते आणि वडिलांना दुसरी एक सुचते. उरलेल्या एक्क्याण्णव कोटींवर मुलाचा हक्क मान्य करायला हवा. सांध्यावर सांधा आला की भिंत फाकते, हे खरं. तरी बिगाऱ्याने व्याख्यान देऊ नये. लांब ठोकळा गुपचूप हाताशी सरकवावा. तो घ्यायचा की नाही, हे गवंडी ठरवेल. तट कोसळलाच, तर पुढच्या खेपेला सांधे मोडायचे हे त्याला तटच शिकवेल.

दुसरा आक्षेप मालकीचा : ‘पैसे आम्ही मोजले, मग किल्ला कोणाचा?’ इथे इतिहास पाहावा. बुऱ्हाण निजामशाहाचं आदिलशाही राजकन्येशी लग्न झालं, तेव्हा हाच सोलापूरचा किल्ला हुंड्यात कबूल झाला होता, असं तवारिखा सांगतात. तो दिला गेला नाही आणि दोन घराणी कित्येक वर्षं भांडत राहिली. पुढे सोलापूर निजामशाहीच्या हाती आलं. मग निजामशाही राजकन्या चांदबिबीचं आदिलशाहाशी लग्न झालं, तेव्हा निजामशाहीने ते आदिलशाहीला दिलं, आणि 1565 साली तालिकोटच्या लढाईत दोघं एका बाजूने उभे राहिले. तात्पर्य, किल्ला देतो म्हणून धरून ठेवला की घरात लढाई, आणि सोडला की युती.

राहता राहिला खर्चाचा आक्षेप. ठोकळे महाग आहेत, यात वाद नाही. पण आज वापरात असलेली जोडणी 1958 सालची आहे, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. म्हणजे हा माल नातवंडांपर्यंत पुरेल. तोवर मूल स्वतः पालक होऊन बिगारी झालेलं असेल आणि नातवंडांना अनुभवी मदतनीस लागेल. पालकांनी आपली हौस त्या भरतीसाठी राखून ठेवावी. तूर्तास किल्ला मुलाच्या नावावर करून द्या. या व्यवहाराला मुद्रांक शुल्क लागत नाही.